जलधीच्या घरातला तीन

१२३४५६७८९८७६५४३२१. ही संख्या एका दमात वाचा, असे कोणी म्हटले तर आपण कला शाखेचे विद्यार्थी वर्ग सोडून पळू! कोटी-अब्जापर्यंत आपली मजल. पण भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मधल्या 'लीलावती'त पुढचीही घरे सांगून ठेवली आहेत : खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपली सतरा आकडी संख्या 'मध्या'पर्यंत पोचते आणि 'जलधी'च्या घरात तिचा पहिला तीन बसतो. जलधी म्हणजे समुद्र. अलिबागच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मला तिथे ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

ही अवाढव्य संख्या येते कुठून? १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग केला की ती मिळते. दुकानातल्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर ती मावत नाही, कागदावर मात्र मावते. नऊ एकांची ओळ नऊ वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकून. मग उभ्या बेरजा करायच्या. एक, दोन, तीन असे नऊपर्यंत चढायचे आणि तसेच उतरायचे. हातचा कुठेच नाही! दहा एक घेतले की मधल्या घरात दहा जमतात, हातचा येतो आणि हा चढउतार मोडतो. शिवाय या संख्येतील अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला नि:शेष भागही जातो.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. डेम्लो म्हणजे आजचे डोंबिवली. तिथल्या स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' म्हटले, म्हणजे आनंद देणाऱ्या. डहाणूला १९०५ साली जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांचे काम काहींनी किरकोळ ठरवले. पण १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि ते नाव जगभर पोचले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. "एवढं शिकून काय करणार?" हा प्रश्न वाड्यात मला नेहमीचा. आई शाळेत गेलेली नाही. मासळीचा हिशेब ती विसांनी करते. पाच विसा म्हणजे शंभर. एका संध्याकाळी त्या नऊ ओळी मी तिला लिहून दाखवल्या आणि दहा झाले की शेजारच्या घरात एक द्यावा लागतो, हे सांगितले. ती बोटाने एक-एक मोजत होती. मग म्हणाली, "आमचा विसांचा हिशेब असता तर अजून चढली असती की!"

मी रात्री करून पाहिले. दहाऐवजी विसाला हातचा धरला तर एकोणीस एकांपर्यंत चढउतार मोडत नाही. आईचे बरोबर होते.

आता वाड्यात कोणी विचारले, शिकून काय करणार, तर उत्तर द्यायला मी आईलाच पुढे करणार आहे.