वीस सेकंदांचा राग

पूर्वी गाणं ऐकायला कान लागत. हल्ली अंगठा लागतो. आमच्या बँकेत अंगठा उठवणारे खातेदार अजूनही येतात, पण दर रविवारी रात्री नऊ वाजता आम्ही तेवीस सुशिक्षित माणसं ज्या ईर्षेने मोबाइलवर अंगठा उठवतो, ती त्या बिचाऱ्यांत नाही.

त्याचं असं आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत मैफली बंद पडल्या, तेव्हा आम्हा काही गानवेड्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक खेळ काढला. एकाने गाण्याचा वीस सेकंदांचा तुकडा टाकायचा, बाकीच्यांनी राग आणि गायक ओळखायचा. ज्याचं पहिलं उत्तर बरोबर, त्याने पुढच्या रविवारी प्रश्न घालायचा. बक्षीस एवढंच. म्हणजे काम चांगलं करणाऱ्याला आणखी काम. ही पद्धत आमच्या बँकेतही आहे, पण तिथे माणसं जिंकायचं टाळतात.

टाळेबंदी उठली, मैफली सुरू झाल्या, खेळ मात्र राहिला. मंडळी पुण्याची, डोंबिवलीची, बेळगावची, मडगावची. एक जण न्यू जर्सीला असतो. आमच्या रात्री त्याच्याकडे सकाळ असते, त्यामुळे तो दरबारी कानडा उपम्याबरोबर ऐकतो. रागाची वेळ पाळणाऱ्या मंडळींच्या अंगावर यामुळे काटा येतो.

आमच्या घरात या खेळाला फारसा मान नाही. "राग ओळखायला तुम्हाला वीस सेकंद लागतात?" सौभाग्यवती म्हणाल्या. "मला तुमचा राग जिन्यातल्या चपलेवरून कळतो."

पण हा खेळ वाटतो तितका सोपा नाही. भूप आणि देशकार घ्या. दोघांचे सूर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. एकाच नावाचे दोन खातेदार म्हणा ना! नाव तेच, आडनाव तेच, पत्ताही तोच. अशा वेळी आम्ही काय करतो? नमुन्याची सही काढून बघतो. भूप संध्याकाळचा, तो गंधारावर विसावतो. देशकार सकाळचा, तो धैवतावर ठाण मांडतो. अक्षरं तीच, फराटा वेगळा. 'ज्योती कलश छलके' हे १९६१ सालच्या 'भाभी की चूडियाँ'मधलं सुधीर फडक्यांचं गाणं या दोहोंपैकी कोणत्या खात्यात जमा करायचं, यावर आमच्याकडे एकदा पावणेदोन तास चर्चा झाली. शेवटी ते 'उचंत खात्यात' टाकलं. न जुळणाऱ्या रकमा आम्ही तिथेच टाकतो.

मारवा, पूरिया आणि सोहनी हे तर तीन भावांचं संयुक्त खातं आहे. तिघांना रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि पंचम वर्ज्य. पण मारवा रिषभ-धैवताला धरून सूर्यास्ताशी हुरहुर लावतो, पूरिया गंधार-निषादाकडे ओढ घेतो आणि सोहनी वरच्या षड्जाभोवती घिरट्या घालते. हे सगळं वीस सेकंदांत ओळखायचं! आमच्या काउंटरवर एक साधा चेक वटायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

गाण्याला लागलेला हा घसारा मला कॉमर्सचा पदवीधर म्हणून फार जाणवतो. मैफल रात्रभराची होती. ७८ गतीच्या तबकडीने ती सुमारे तीन मिनिटांवर आणली. आम्ही वीस सेकंदांवर आणली. आता शिल्लक काय राहिली ते तुम्हीच काढा.

त्या जुन्या तबकड्यांचे प्रश्न मात्र बहारीचे असतात. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत जात. तिथल्या कारागिरांना कोणाचा आवाज कोणता हे कळावं म्हणून गाणारी मंडळी शेवटी स्वतःचं नाव सांगत. आमच्या डोंबिवलीच्या वहिनींनी एकदा अशाच तबकडीचा शेवटचा तुकडा टाकला. 'गायिका ओळखा' म्हणून आम्ही कान टवकारून बसलो आणि अठराव्या सेकंदाला बाईंनी खणखणीत इंग्रजीत आपलं नाव जाहीर केलं! तरीही दोघांचं उत्तर चुकलं. ते घराण्यावरून शोधत होते.

एकदा प्रश्न आला, सर्वांत लांब पोचलेली भैरवी कोणाची? कोणी किराणा म्हणालं, कोणी न्यू जर्सी म्हणालं. उत्तर होतं केसरबाई केरकर. १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात त्यांची भैरवी आहे. त्यांतलं एक यान २०१२ साली ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं. आपल्याकडे भैरवी झाली की लोक चपला शोधायला लागतात. ही एकच भैरवी अशी, की तिच्यानंतर मैफल चालूच आहे.

आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. वय ब्याऐंशी. त्यांना सगळे 'सर' म्हणतात. सरांचं उत्तर सहसा चुकत नसे, पण पहिलंही येत नसे. कारण ते काना-मात्रा-वेलांटीसकट लिहायचे, वर 'सप्रेम नमस्कार', खाली 'आपला', आणि मध्ये हाच राग आपण कोणाकडून, कुठे, किती पावसात ऐकला त्याची हकिकत. तोवर पाच जणांची एकेका शब्दाची उत्तरं येऊन गेलेली. पण सगळे वाचत सरांचंच.

दोनेक वर्षांमागे सरांची उत्तरं चुकू लागली. आधी गायक, मग राग. आमच्यातले डॉक्टर कान-नाक-घशाचे. त्यांनी सांगितलं, वयाबरोबर आधी वरचे सूर जातात आणि कानातलं यंत्र मुळात बोलणं ऐकण्यासाठी बनवलेलं असतं, गाण्याशी त्याचं जमत नाही. मग एका रविवारी सरांनी लिहिलं, "सप्रेम नमस्कार. आज तंबोरा ऐकू आला नाही. क्षमस्व." खाली 'आपला' लिहायचं मात्र विसरले नव्हते.

त्या रात्री कोणीच उत्तर दिलं नाही.

यावर आमची चर्चा झाली नाही, ठराव झाला नाही. पण पुढच्या रविवारपासून तुकडे येणं कमी झालं आणि लेखी प्रश्न येऊ लागले. सवाई गंधर्व महोत्सव कोणत्या साली सुरू झाला? भूप आणि देशकार यांत फरक काय? तेवीस जणांतले बावीस ज्याचं उत्तर झोपेत देतील असे प्रश्न! आणि एकाचाही अंगठा उठत नाही. चार सेकंदांत राग सांगणारे डॉक्टर 'आठवतंय, आठवतंय' असं लिहितात. वहिनी 'सोपा नाही हो' म्हणतात. न्यू जर्सीवाला उपमा थंड करतो. अकराव्या मिनिटाला सरांचं पत्र येतं. महोत्सव १९५३ साली, पुण्यात, भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला, आणि मग तिथे पहाटेपर्यंत बसलेल्या एका रात्रीची हकिकत. उत्तर बरोबर. पुढचा प्रश्नही त्यांनीच घालायचा.

असे सर लागोपाठ सात रविवार जिंकले. आठव्या रविवारी त्यांनी प्रश्न घातलाच नाही. त्याऐवजी लिहिलं, "सप्रेम नमस्कार. गेले दोन महिने पाहतो आहे, आपल्या मंडळींची तयारी फारच कमी पडते. डॉक्टरांसारख्या माणसाला भूप-देशकार सांगता येऊ नये याचे वाईट वाटले. रोज तासभर तरी ऐकत चला. आपला."

खाली बावीस जणांनी एकामागून एक लिहिलं, "होय सर."