चि. भाच्यास पत्र

लोणार, जि. बुलढाणा



तुझे पत्र पावले. मजकुराच्या शेवटी चि. नातीने स्वहस्ते विचारले आहे, की मामाआजोबांना अंधेरीचे गाणे अधिक भावले की ते जहाज? या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून धारेच्या झऱ्यावरून परतल्यावर निवांतपणे कागद पुढे ओढला आहे.

1 नोव्हेंबर 1996 ची ती रात्र. अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकल जॅक्सन गात होता, आणि आपण इतके मागे उभे होतो की तो मंचावर बोटभर आणि पडद्यावर पर्वतप्राय दिसत होता. खर्जाचा पहिला ठोका कानाआधी छातीच्या पिंजऱ्यात उमटला. तेवढ्या खोल स्वराची एकेक लाट आठ-आठ मीटर लांब असते, ती केवळ कानाने ऐकावयाची वस्तूच नव्हे. पडद्यावर त्याचे पाऊल आपटलेले आधी दिसे आणि ठोका क्षणार्धाने येई. तुला तो यंत्राचा दोष वाटला, पण शंभर मीटर तोडण्यास ध्वनीला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो, हे लोणारात वाढलेल्या माणसास सांगावे लागत नाही. येथल्या विवराच्या कडेवर उभे असता पल्याडच्या कडेवर उडालेल्या फटाक्याचा धूर आधी दिसतो आणि आवाज पाच सेकंदांनी पोचतो, कारण मध्ये पावणेदोन किलोमीटरांहून अधिक मोकळी हवा असते.

एवढा मोठा आवाज हवाच कशाला, असे माझ्या वयाची मंडळी विचारतात. मला तो असंस्कृत वाटला नाही. हजारो अनोळखी माणसे एकाच ठोक्यावर उचलली जात होती, आणि हेच कार्य आपल्याकडे कीर्तनात टाळमृदंग करीत आले आहेत. मात्र नातीस ताकीद दे, की अशा ठिकाणी कानांत प्लग घालूनच जावे. आतल्या कानातील केसांसारख्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की माणसाच्या देहात पुन्हा निपजत नाहीत.

आता ते जहाज, म्हणजे संग्रहालय म्हणून लोकांस खुली असताना आपण पाहिलेली विमानवाहू नौका ‘विक्रांत’. इंग्लंडात तिचे सांगाडारूप 1945 च्या सप्टेंबरात, म्हणजे महायुद्ध संपल्यावर पाण्यात उतरले, काम मध्येच थांबले, 1957 साली आपल्या सरकारने ती विकत घेतली आणि 4 मार्च 1961 रोजी बेलफास्ट येथे विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती नौदलात दाखल झाली. 1971 च्या युद्धात तिच्या चार बॉयलरांपैकी एकास तडा गेलेला होता. तरीही उरलेल्या तिघांच्या वाफेवर तिने बंगालच्या उपसागरातून आपली विमाने कॉक्स बझार आणि चितगाववर धाडली. तिच्याच शोधात आलेली पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. हे सर्व मी वाचलेले होते. पण हँगरमध्ये पंख मस्तकावर दुमडून उभे असलेले ‘अलिझे’ विमान पाहिले, लोखंडी जिन्याच्या कठड्याचा रंग हातांच्या घर्षणाने जाऊन आतला धातू तुकतुकीत झालेला पाहिला, तेव्हा त्या जिन्यावरून रात्री-अपरात्री धावलेल्या, इतिहासात ज्यांचे नाव नाही अशा खलाशांविषयी माझे मन भरून आले. तू वर चलण्याची घाई करीत होतास. मी त्या कठड्यावरचा हात काढीत नव्हतो.

त्या जहाजाचे पुढे जे झाले त्याची खंत मला आजही आहे. 2012 मध्ये ते धोकादायक ठरवून लोकांस बंद करण्यात आले, संग्रहालय कायम चालविण्यास भागीदार मिळेना, सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागून झाली, आणि 2014 मध्ये सुमारे साठ कोटींच्या लिलावानंतर मुंबईतील दारूखान्याच्या किनाऱ्यावर ते तोडले गेले. मला वाटते, आपण दगडाच्या मुलखातली माणसे. येथले दैत्यसूदनाचे मंदिर शतकानुशतके उपेक्षा सोसूनही छतावरच्या शिल्पांसह उभे राहिले, आणि जुनी वस्तू आपली आपण टिकते असा समज आपल्या हाडीमाशी खिळला. खाऱ्या पाण्यातल्या लोखंडास ती मुभा नाही. त्याला रंग, गोदी, माणसे आणि दरसालच्या खर्चाची तजवीज लागते. ती तरतूद प्रथम दिवशीच झाली पाहिजे, वस्तू जर्जर झाल्यावर नव्हे.

तेव्हा नातीस सांग, की गाण्याच्या रात्रीने मला आनंद दिला, पण ती रात्र परत मागावी असे कधी वाटले नाही. जहाज मात्र मी आजही मागतो. विशाखापट्टणमला ‘कुरसुरा’ ही पाणबुडी समुद्रातून ओढून किनाऱ्यावर भक्कम पायावर ठेवली आहे आणि 2002 पासून लोक ती आतून पाहतात. नवरात्रात कमळजादेवीची यात्रा आटोपली, की आपण तिघांनी तेथे जावे. गाडीची तिकिटे तू काढ, खर्च माझा.

तुझा,
मामा