गिरह

आमच्या वेळापूरच्या पंचक्रोशीत उरूस म्हटला की कव्वाली आलीच. एका वर्षी मात्र कव्वालीपेक्षा वादच जास्त रंगला. नेहमीची पार्टी ढोलक घरी ठेवून ऑक्टोपॅड आणि आयता ठेका भरलेला कीबोर्ड घेऊन आली. पोरे मांडवात नाचू लागली, तर पुढच्या सतरंजीवरचे बुजुर्ग एकेक करून उठले. आम्ही उर्दू शाळेतले मास्तर. आमचे विद्यार्थी नाचत होते आणि आमचे अब्बा चपला शोधत होते. आम्ही कुणाच्या बाजूला बसायचे?

घरी आल्यावर आम्ही अब्बांशी हुज्जत घातली. त्यांचे आवडते इस्माईल आझाद १९५८ मध्ये ‘अल-हिलाल’ या सिनेमात गायले. ती कव्वाली रेडिओवर लागली की दादाजान बंद करायला लावत, हे अब्बांनीच सांगितलेले. मग आज अब्बांनी उठून का यावे?

अब्बा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “बेटे, बाजे का झगडा नै. ये ठेका रुकताच नै. कव्वाल गिरह कब बांधेगा?”

आम्ही गप्प झालो. गिरह म्हणजे मूळ कलामाच्या ओळींमध्ये दुसरा एखादा शेर गुंफणे. कव्वाल शेर सांगतो, श्रोते दाद देतात, तोवर ढोलकवाला त्याच्या तोंडाकडे पाहत हात हलका ठेवतो. भरून आणलेला ठेका कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही. आषाढात माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी असते, तेव्हा कीर्तनातही आम्ही हेच पाहतो. बुवांचा हात वर झाला की मृदंग थांबतो आणि शब्द ऐकू येतो.

नुसरत फतेह अली खाँ यांनी १९९० मध्ये कॅनडाचे मायकेल ब्रूक यांच्याबरोबर ‘मस्त मस्त’ हा अल्बम केला. गिटार आली, पाश्चात्त्य ठेका आला. पुढे इंग्लंडच्या मॅसिव्ह अटॅक या बँडने त्यातल्या एका कव्वालीला आपला साज चढवला. नवे चाहते मिळाले, जुन्यांपैकी काही रुसले. पण ध्वनिमुद्रणाच्या कापाकापीत काही ओळी मध्येच तुटून अर्थ गेला, ते खाँसाहेबांना मान्य झाले नाही, असे ब्रूक यांनीच सांगितले आहे. नवी वाद्ये त्यांना चालली, तुटलेला शब्द चालला नाही. अब्बांचे म्हणणे तरी वेगळे काय होते?

पण पोरांनाही आम्ही दोष देत नाही. उरसानंतर नाचणाऱ्यांपैकी एकाने वर्गात विचारले, “सर, निस्बत म्हणजे काय?” तेवढ्या गोंगाटातून तो शब्द त्याने उचलून आणला होता. आम्ही फळ्यावर अर्थ लिहिला: ताल्लुक, रिश्ता.

यंदा आम्ही पार्टीला निरोप धाडला आहे. ऑक्टोपॅड खुशाल आणा, पण सोबत ढोलकवालाही आणा. अब्बा येतील की नाही, सांगता येत नाही. त्यांची सतरंजी मात्र आम्ही पुढेच अंथरणार आहोत आणि तिच्या एका कोपऱ्यावर त्या पोराला बसवणार आहोत.