यादीत आपला धर्म आहे, म्हणून आपण गप्प बसायचे का?



१४ एप्रिल २०१८ ची जयंती आम्ही कल्याण पूर्वेत नेहमीसारखी दणक्यात केली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. विहारात वर्गणीचा हिशेब करायला बसलो आणि मोबाईलवर बातमी आली. दिल्लीत कालिंदी कुंजजवळची रोहिंग्या निर्वासितांची वस्ती पहाटे जळून खाक झाली होती. दोनशेहून जास्त माणसे उघड्यावर आली होती. आम्ही ठाणे, डोंबिवली, कल्याणचे सात-आठ जण त्या विहारात रविवारी मुलांची अभ्यासिका चालवतो. वर्गणीतली थोडी रक्कम शिल्लक होती. ती तिकडे पाठवू, असे आम्ही सुचवले.

कोणीच काही बोलेना. मग चळवळीत केस पांढरे झालेले एक काका म्हणाले, "बाळांनो, आपल्याच वस्तीत दर पावसाळ्यात पाणी शिरतं, त्याचं काय? आणि हे सगळं बौद्धांना बदनाम करायला उठवलंय. त्यात आपणच तेल ओतायचं?"

काकांचा पहिला प्रश्न खरा आहे आणि त्यासाठी आम्ही महापालिकेच्या पायऱ्या झिजवतोच. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्या दिवशी आम्हाला नीट देता आले नाही. ते आज देतो.

म्यानमारने १९८२ च्या नागरिकत्व कायद्याच्या आधारे बहुतेक रोहिंग्यांना कुठल्याच देशाचे ठेवले नाही. २५ ऑगस्ट २०१७ नंतर लष्कराने राखाइन प्रांतात त्यांची गावे जाळली, माणसे मारली, बायकांवर बलात्कार केले. सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळाले. वंशसंहाराबद्दल तिथल्या सेनापतींची चौकशी होऊन खटले चालावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ मध्ये म्हटले. जानेवारी २०२० मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने रोहिंग्यांचे संरक्षण करण्याचा अंतरिम आदेश म्यानमारला दिला. या सगळ्या काळात विराथूसारखे चीवर घातलेले लोक मुस्लिमद्वेषाची भाषणे करत होते.

मग धम्माची बदनामी कोणी केली? बातमी देणाऱ्याने की चीवर घालून द्वेष पेरणाऱ्याने? गावात अस्पृश्यता पाळली जाते तेव्हा 'खरा धर्म असा नाही' हे उत्तर आपण कधी मान्य केले आहे का? मग तीच सवलत स्वतःला का द्यायची? ज्या देशात १९५४ साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला गेले, त्या देशात हे घडले. ते आपल्याला इतरांपेक्षा जास्त लागले पाहिजे.

त्या दिवशी बैठकीत एक मावशी होत्या. त्यांचे माहेर कल्याण कॅम्पाच्या बाजूचे. कल्याण कॅम्प म्हणजे आजचे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही तिथला रिक्षावाला आधी कॅम्प नंबर विचारतो. मावशींची आई त्या बराकींचे संडास साफ करायची. मावशी म्हणाल्या, "सगळं गमावून आलेली माणसं, पण एका बराकीत आईला पाणी वरूनच घालायचे. शेजारच्या बराकीतली बाई मात्र हातात भाकरी द्यायची. आई दोघींची नावं शेवटपर्यंत विसरली नाही. आता ठरवा, आपण कुठल्या बराकीतले."

हा प्रश्न बाबासाहेबांना नवा नव्हता. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना तिथले सरकार निघू देत नव्हते, कारण मैला कोण काढणार? आणि जे पूर्व पंजाबात पोहोचले, त्यांना छावणीतले अधिकारी भेदभावाने वागवत, म्हणून ते छावणीबाहेर राहत. रेशन आणि कपडे मात्र छावणीत राहणाऱ्यालाच, असा नियम! निर्वासितांमध्येही कोणाला निर्वासित मानायचे हे जात ठरवत होती. बाबासाहेबांनी ती यादी तपासली. आपण त्यांचे अनुयायी असू, तर प्रत्येक यादी तपासणे हे आपले काम आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये अशीच एक यादी आली. नागरिकत्व दुरुस्ती कायदा पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना वाट देतो. मुस्लिमांना देत नाही. म्यानमारचे तर त्यात नावच नाही. 'बौद्ध' शब्द वाचून आपल्यातले काही सुखावले. त्यांना चकमांची आठवण द्यावीशी वाटते. चितगावच्या डोंगराळ भागातून आलेल्या या बौद्धांना अरुणाचलातून हाकलण्याच्या धमक्या मिळत होत्या, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वाचवले. ते धर्म बघून नव्हे. संविधानाचा अनुच्छेद २१ नागरिकालाच नाही, प्रत्येक व्यक्तीला जगण्याचा हक्क देतो, म्हणून. रोहिंग्यांच्या बाबतीत ८ एप्रिल २०२१ ला त्याच न्यायालयाने हे तत्त्व मान्य केले, पण कायदेशीर प्रक्रिया पाळून परत पाठवायला मोकळीक ठेवली. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. म्हणजे या माणसांकडे उरतो तो संविधानातला 'व्यक्ती' हा एक शब्द. तो शब्द आज त्यांच्यासाठी झिजला, तर उद्या चकमांसाठी शाबूत राहील का?

वर्गणीची शिल्लक शेवटी मिळाली नाही. आम्ही घरोघर फिरून चादरी आणि कपडे जमवले, त्यात लग्नातल्या जरीच्या साड्यासुद्धा आल्या. दिल्लीतल्या ओळखीच्या एका कार्यकर्तीने फोनवर सांगितले, कपडे पुष्कळ आलेत, लोक घाबरलेत ते कार्डे जळाली म्हणून. संयुक्त राष्ट्रांनी दिलेले निर्वासित ओळखपत्र हाच त्यांचा एकमेव कागद. जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा शोधत फिरणाऱ्या आपल्या समाजाला कागद जळणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हापासून आम्ही कपड्यांपेक्षा बोलण्यावर भर देतो. अभ्यासिकेत अनुच्छेद १४ आणि २१ शिकवतो. विहाराविहारांत हा विषय मांडायला वेळ मागतो. दोन ठिकाणी नकार मिळाला, एका ठिकाणी माईक बंद केला. काका अजून सगळे पटवून घेत नाहीत, पण गेल्या वर्षी व्हॉट्सअॅप गटावर कोणी रोहिंग्यांना 'घुसखोर' म्हटले, तेव्हा "आधी निर्वासित कोणाला म्हणतात ते वाच" असे त्यांनीच लिहिले.

मित्रहो, तुमच्या विहारात मैत्री भावना म्हणून झाली की पाच मिनिटे मागा आणि एवढेच विचारा: सगळ्या प्राणिमात्रांत रोहिंग्या येतात की नाही?

जय भीम! नमो बुद्धाय!