मोटारींची पंगत

इचोड्यावरून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर नव्या मोटारींनी भरलेले लांबलचक ट्रक पाहताना आम्हांस लग्नाची पंगत आठवते. कोणत्या पानास गोड वर्ज्य, कोणत्यास तिखट, हे वाढप्यास ठाऊक असावे लागते. मोटारींच्या कारखान्यातही तसेच. रंगविलेले सांगाडे ज्या क्रमाने जुळणीच्या पट्ट्यावर चढतात, तो क्रम आसने करणाऱ्या पुरवठादारास कळविला जातो. काळ्या आसनांच्या गाडीमागे करड्या आसनांची असेल, तर मालही त्याच ओळीने, अवघ्या काही तासांत दारी यावा लागतो. शेवटी लागणारे ट्रकमध्ये आधी भरायचे, म्हणजे पहिले दाराशी राहते. कोठार नको, भांडवल अडकणे नको. सरकारी कोठारे पाहिलेल्यांस हेवाच वाटावा!

पण कोठार गेले म्हणजे आधारही गेला. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधील कारिया येथे आयसिन कंपनीच्या कारखान्यास आग लागली आणि ब्रेकमधील एका लहानशा झडपेवाचून टोयोटाचे जपानमधील जवळजवळ सारे कारखाने काही दिवस थांबले. इतर पुरवठादारांनी आपापल्या यंत्रांवर झडपा करून दिल्या, म्हणून निभावले. आमच्या मते या काटकसरीचा खरा भार पुरवठादाराकडे रात्रपाळीत ओळ लावणाऱ्या कंत्राटी कामगारावर पडतो. एक आसन मागेपुढे झाले की पट्टा अडतो, आणि जाब प्रथम त्यालाच विचारला जातो.