तलासरीची वाट आणि आत्याचा गुडघा

विरार सोडले की लोकलमधली गर्दी विरळ होते आणि खिडकीबाहेरचा देखावाही बदलतो. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव अशी स्थानके मागे टाकत 64 किलोमीटरवर डहाणू रोड येते. एप्रिल 2013 पासून मुंबईची लोकल इथपर्यंत धावू लागली. स्टेशनच्या पश्चिमेला समुद्र, चिकूच्या वाड्या आणि सपाट रस्ते. पूर्वेला डोंगर, भातखाचरे आणि दूरदूर विखुरलेले पाडे. उत्तरेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या हद्दीला टेकलेली तलासरी. 1 ऑगस्ट 2014 पर्यंत हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात होते. आता ते पालघर जिल्ह्यात आहेत.

लोक इथे समुद्र बघायला, वारली चित्रे घ्यायला येतात. आम्ही दोघी बहिणी मात्र गेल्या दीड वर्षात या वाटेने कितीदा तरी गेलो त्या आमच्या आत्याच्या गुडघ्यापायी. दुखऱ्या पायाच्या माणसाबरोबर हिंडले की गाव वेगळेच दिसते. पुलाच्या पायऱ्या किती, एसटीची पायरी किती उंच, वाटेत टेकायला ओटा कुठे, हेच आधी नजरेत भरते. आपल्या बहुतेक घरांत असा एखादा गुडघा असतोच, म्हणून हे लिहीत आहोत.

सारे जगणे जमिनीवर

आत्याचे यजमान रस्त्याच्या कामावर होते, त्यामुळे कुटुंब तलासरी तालुक्यात स्थिरावले. आत्याने अंगणवाडीत मदतनीस म्हणून वर्षे काढली, सुटीच्या दिवसांत वाडीवर चिकू निवडले, पावसाळ्यात लावणी केली. या भागातले काम म्हणजे उकिडवे बसणे, वाकणे आणि डोक्यावर ओझे घेऊन चढ चढणे. 1945 साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीने इथल्या वारली बांधवांनी वेठीविरुद्ध लढा दिला. वेठ गेली, पण वाकून करायचे कष्ट अजून आहेतच.

साठी उलटली आणि आत्याचे पाय धनुष्यासारखे बाकले. लोक म्हणत, "गुडघ्यातले वंगण संपले." खरे तर हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते, ती झिजते आणि हाडावर हाड घासू लागते. आत्या रोज दुकानातून दुखण्याची गोळी आणून खाई. अशा गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

ठरवायचे कुणी?

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात तिला नेले. आम्हाला वाटले, डॉक्टर फोटो पाहतील आणि ऑपरेशन सांगतील. त्यांनी फोटो पाहिला आणि आत्यालाच विचारले, "रात्री दुखण्याने जाग येते का? न थांबता किती चालता? संडासला बसताना काय होते?" फोटोत झीज फार दिसली तरी काहींचे बरे चालते, तेव्हा ऑपरेशन फोटोवर नव्हे, माणसाच्या जगण्यावर ठरते, असे ते म्हणाले. आधी तीन महिने मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि वजन थोडे कमी करणे, एवढेच दिले. वजन 1 किलो उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी घटतो. काहींना तेवढ्याने पुष्कळ आराम पडतो. आत्याला थोडाच पडला.

मग ऑपरेशनचा विचार सुरू झाला. पूर्वी ही शस्त्रक्रिया बड्या लोकांची वाटे. 2000 आणि 2001 साली पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, तेव्हा घराघरांत तिची चर्चा झाली. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम सांध्याच्या किमतीला लगाम घातला. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी छापील किंमत दीड लाखाच्या वर होती, ती कर सोडून 54,720 रुपयांवर आली. अर्थात हा नुसत्या सांध्याचा भाव; रुग्णालयाचा खर्च वेगळा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही गुडघ्याच्या सांधारोपणाचा समावेश झाला. मात्र ते योजनेतल्या ठरावीक रुग्णालयांतच आणि पूर्वमंजुरी घेऊनच होते. म्हणून रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटावे.

आत्याचा प्रश्न वेगळाच होता. "मला भात लावता येईल का?" डॉक्टर म्हणाले, "नाही. उकिडवे बसायचे नाही, जड ओझे उचलायचे नाही. पण चालता येईल आणि रात्री झोप लागेल." आत्या त्या दिवशी काही बोलली नाही. जिने जन्मभर हातापायांवर घर चालवले, तिला काम सोडून नुसते चालणे विकत घ्यायचे होते. आठ दिवसांनी तिचा निरोप आला, "लावणी आता पोरे करतील. मला माझ्या पायांनी बाजाराला जायचे आहे." निर्णय तिचाच झाला, हे फार बरे झाले. कारण पुढची मेहनतही तिलाच करायची होती.

डॉक्टरांनी धोकेही सांगितले होते. शंभरात एखाद-दोघांना जंतुसंसर्ग होतो, काहींच्या पायात रक्ताची गुठळी होते, आणि दर पाच जणांमागे एखाद्याचे दुखणे मनासारखे जात नाही. म्हणून आधी साखर आटोक्यात आणणे, किडलेला दात, लघवीचा संसर्ग बरा करणे आवश्यक असते. सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी. हा रक्तदोष आदिवासी समाजात आणि विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही आढळतो. तो असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी कळलेच पाहिजे.

डहाणूतला महिना

ऑपरेशन जानेवारीत करायचे ठरले. पावसाळ्यात तलासरीच्या लाल चिखलातून वॉकर चालत नाही. जूनपर्यंत पाय मोकळा व्हायला हवा होता.

गुडघा बदलणे म्हणजे अख्खा गुडघा काढून टाकणे नव्हे. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाच्या टोकांचा झिजलेला थर कापून तिथे धातू बसवतात आणि मध्ये टणक प्लास्टिकची चकती ठेवतात. दुसऱ्याच दिवशी आत्याला वॉकर धरून उभे केले. पाचव्या दिवशी घरी सोडले.

तलासरीहून व्यायामासाठी रोज ये-जा शक्य नव्हती, म्हणून डहाणूत तळमजल्यावरची एक खोली महिनाभर भाड्याने घेतली. पहिले पंधरा दिवस कठीण गेले. पाऊल वरखाली करणे, गुडघा गादीवर दाबून मांडी आवळणे, टाच सरकवत पाय दुमडणे, असे व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा. आत्या रडे, आमच्यावर चिडे. पायाखाली उशी घेतली की तिला बरे वाटे, पण गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही, अशी सक्त ताकीद होती. तशी सवय लागली तर पाय पुरता सरळ होत नाही, आणि सरळ होणे दुमडण्याइतकेच महत्त्वाचे. व्यायामाच्या अर्धा तास आधी गोळी आणि नंतर बर्फाचा शेक, असा क्रम लावला. पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पू आला, ताप चढला किंवा धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठायचे, हे आम्ही भिंतीवर लिहून ठेवले होते.

बाराव्या दिवशी टाके निघाले. मग संध्याकाळी उन्हे उतरली की ती सपाट रस्त्यावर वॉकरने चाले. आज या वाडीच्या कुंपणापर्यंत, उद्या पुढच्या. चिकूच्या पेट्या भरणाऱ्या बाया तिला पाहून हात थांबवत. "दुखते का गं अजून?" त्यांतल्या निम्म्याजणी स्वतः गुडघ्यावर हात टेकून उठत होत्या.

घरी

महिन्याने ती तलासरीला परतली. घरात आधी तयारी केली होती. उंच खाट, हात असलेली खुर्ची, मधे भोक असलेली संडासची खुर्ची, मोरीत धरायला लोखंडी नळी, चूल सोडून ओट्यावर गॅस. खाट दाराजवळ ठेवली, त्याचे कारण खास इथले आहे. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसू लागले. त्या हिवाळ्यात माणसे घराबाहेर तंबूत झोपली. वॉकरच्या माणसाला धावता येत नाही, म्हणून त्याची वाट मोकळी हवी.

उंबऱ्याच्या दोन पायऱ्यांसाठी एक सूत्र पाठ केले. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. सहा आठवड्यांनी वॉकर सुटून काठी आली, तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात काठीही सुटली. सूज मात्र कितीतरी महिने येत-जात राहिली. पूर्ण बरे वाटायला वर्ष लागू शकते, हे आधीच ठाऊक असल्यामुळे घाबरायला झाले नाही. विहारात आता ती खुर्चीवर बसून वंदना घेते. पहिल्या दिवशी संकोचली होती. पुढच्या पौर्णिमेला आणखी दोघींनी खुर्च्या मागून घेतल्या.

आज आत्या बाजाराला जाऊन येते. वाटेत एकदा मोरीच्या कठड्यावर टेकते. एसटीची पहिली पायरी अजून तिला उंच पडते. दुसरा गुडघा दुखतो, पण त्याचे काय करायचे ते तिने ठरवलेले नाही आणि आम्हीही घाई करीत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरातली आई, सासू, आत्या भिंत धरून चालत असेल तर "वयाचे दुखणे आहे" म्हणून सोडून देऊ नका. आणि कुणी सांगितले म्हणून तिला लगेच ऑपरेशनलाही नेऊ नका. आधी तिला विचारा, रात्री झोप लागते का, कुठवर चालवते, कोणते काम सोडायची तिची तयारी आहे. मग तिच्यासमोर हिशोब मांडा: पैशाचा, तीन महिन्यांच्या व्यायामाचा आणि त्या काळात घरातले कोण रजा काढणार याचाही. आमच्या घरी हा शेवटचा हिशोब जमायलाच सर्वांत जास्त वेळ लागला.