बरे वाटणे आणि बरे होणे

मी बारावीत असताना थोरल्या मावशीला क्षयरोग झाला. दोन महिन्यांच्या औषधांनी खोकला थांबला, भूक लागू लागली आणि एके दिवशी तिने उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून दिल्या. “आता बरं वाटतंय, मग कशाला?” या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. काही महिन्यांनी खोकला परतला. उत्तर सापडले ते पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना.

आपल्या फुप्फुसांत मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात. त्या जीवाणूला गिळतात आणि आम्लयुक्त पिशव्यांत, म्हणजे लायसोसोममध्ये, पचवून टाकतात. बहुतेक जीवाणूंचा प्रवास तेथेच संपतो. क्षयाचा जीवाणू मात्र त्या भक्षकाच्या पोटातच संसार थाटतो. त्याच्या चयापचयातून ट्यूबरक्युलोसिनिल अ‍ॅडेनोसिन नावाचा रेणू तयार होतो. हा रेणू अल्कधर्मी असतो. आम्लाच्या पिशवीत शिरून तो प्रोटॉन धरून ठेवतो. आम्लता उतरते, पिशव्या फुगतात, पचन मंदावते. आपण पित्तावर गोळी घेतो, तसा हा जीवाणू भक्षक पेशीलाच आम्लनाशक पाजतो! २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ही युक्ती उघड केली.

पण चयापचय लपवतो, तसा चहाडीही करतो. हा जीवाणू ‘ब-२’ जीवनसत्त्व स्वतः बनवतो. आपले शरीर ते बनवू शकत नाही, अन्नातून मिळवते. त्यामुळे या निर्मितीतले अर्धवट रेणू पेशीच्या पृष्ठभागावर दिसले, की ‘मेट’ या गटातील टी-पेशी ओळखतात : आत कोणीतरी परका आहे. ज्या रसायनशास्त्रावर जीवाणू जगतो, तेच त्याचा माग देते.

हे वाचताना मला ते फडताळ आठवले. मावशीचा खोकला थांबला होता, शत्रू नव्हे. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जीवाणूला त्यासाठी जवळजवळ वीस तास लागतात. वाढणाऱ्या जीवाणूंना औषधे लवकर मारतात. सुस्तावलेले, दडून बसलेले थोडे मात्र उरतात. नेहमीचे उपचार सहा महिने चालतात ते या उरलेल्यांसाठी.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. म्हणजे असे फडताळ केवळ आमच्याच घरात नसेल. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हे रेणू परीक्षेपुरते पाठ करू नयेत, घरातल्या एखाद्या “मग कशाला?”चे उत्तर त्यांत असते.

दुसऱ्या खेपेस मावशीने उपचार पूर्ण केले. आता ती ठणठणीत आहे. परवा शेजारच्या मुलाला ती सांगत होती, “बरं वाटलं म्हणजे बरा झालास असं नाही रे, बाळा.” रेणूचे नाव तिला ठाऊक नाही, त्याचा अर्थ मात्र तिला माझ्या आधी कळला होता.